२१ दिवसांतलं अपील आणि नाशिकची मावशी

पत्र:

"काकू, नमस्कार. मी नाशिकहून लिहितेय. माझी धाकटी बहीण लग्न होऊन न्यू जर्सीला गेली, तिला चार वर्षांचा मुलगा आहे. नवरा मारायचा. एका रात्री शेजाऱ्यांनी पोलीस बोलावले आणि मग मुलांचं जे सरकारी खातं असतं त्यांनी मुलाला ताब्यात घेतलं. आता २२ महिने झाले, तो फॉस्टर फॅमिलीकडे, म्हणजे सरकारने तात्पुरतं सांभाळायला दिलेल्या कुटुंबाकडे आहे. बहीण नवऱ्यापासून वेगळी झाली, मधे एकदा परत गेली, मग कायमची निघाली. पेरेंटिंगचे क्लास केले, काउन्सेलिंग केलं, नोकरी धरली. तरी गेल्या आठवड्यात जजनी तिचे आई म्हणून असलेले हक्कच काढून टाकले. शेवटच्या भेटीत तिने 'ये रे पिल्लू' म्हटलं तर तो इंग्रजीत म्हणाला, तू काय बोलतेस मला कळत नाही. वकीलबाई म्हणतात अपील करता येईल. दादा म्हणतो सोडा आता, सरकारशी भांडून कोण जिंकलंय. मी केसवर्करला, म्हणजे त्या खात्यातल्या केस बघणाऱ्या माणसाला, दोनदा मेल केला होता की मी भाच्याला सांभाळायला तयार आहे, उत्तर नाही आलं. अपील करावं का? मला इथून काही करता येईल का? आणि आईला काय सांगू, ती रोज विचारते नातू कधी येणार. — एक मावशी"

अगं मावशीबाई,

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी तुला दोन ओळींचा मेल टाकला होता, की बाकी सगळं बाजूला ठेव, आधी नोटीस ऑफ अपील, म्हणजे आम्ही अपील करतोय असं कोर्टाला कळवणारा कागद, फाईल करून घ्या, कारण न्यू जर्सीत एरवीच्या अपिलाला ४५ दिवस मिळतात पण आईवडिलांचे हक्क संपवणाऱ्या निकालाला फक्त २१, आणि त्यातले नऊ तुमचे रडण्यात आणि दादाशी वाद घालण्यातच गेले होते. काल तुझं उत्तर आलं की बहिणीने सही केली आणि वकीलबाईंनी फाईल केलं. बरं वाटलं गं, खरंच. आता नीट बोलू. आणि हे इथे सगळ्यांसमोर लिहितेय कारण अशी पत्रं मला आधीही आली आहेत आणि त्यातली दोन तरी मुदत उलटून गेल्यावर आली होती. दुसऱ्या राज्यात असाल तर मुदत वेगळी असते, टेक्ससमधे २० दिवस, आयोवात तर १५च. कुणी म्हणालं "बघू, पुढच्या महिन्यात एखादा चांगला वकील शोधू" तर त्याचं ऐकू नका, नोटीस आधी जाऊ दे, चांगला वकील मागाहून शोधा.

एक सांगून ठेवते, मी वकील नाही. पंधरा वर्षं दुभाषी म्हणून अशा केसेसमधे बसलेय, मराठी आणि हिंदी. त्यामुळे जे सांगते ते बसून बघितलेलं आणि विचारून घेतलेलं आहे, पण तुमच्या फाईलमधे काय आहे ते वकीलबाईंनाच माहीत.

आधी दादाचा प्रश्न घेते, कारण घरात तोच खरा अडसर दिसतोय. सरकारशी भांडून कोण जिंकलंय? तर १९८२ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने सँटोस्की विरुद्ध क्रेमर या न्यूयॉर्कच्या केसमधे सांगितलं की मुलाशी असलेलं नातं कायमचं तोडायचं असेल तर साधा "बहुतेक असं झालं असावं" इतका पुरावा चालणार नाही, स्पष्ट आणि खात्री पटवणारा पुरावा लागेल, आणि तो सरकारने आणायचा. आणि अजून एक बाई होती, मिसिसिपीतली, कोर्टाच्या कागदांत तिचं नाव फक्त एम.एल.बी. एवढंच आहे. तिचे हक्क काढले, तिने वेळेत १०० डॉलर भरून अपील केलं, मग तिला सांगितलं की ट्रायलचं रेकॉर्ड तयार करायचे २,३५२ डॉलर भर, नाहीतर अपील पुढे जाणार नाही. एवढे पैसे तिच्याकडे नव्हते. ती तिथून सुप्रीम कोर्टापर्यंत गेली आणि १९९६ साली कोर्टाने सांगितलं की पैसे नाहीत म्हणून आईचं अपील अडवता येणार नाही. न्यू जर्सीत आज परवडत नसेल तर पब्लिक डिफेंडरच्या, म्हणजे सरकारी खर्चाने वकील देणाऱ्या ऑफिसातून ट्रायललाही वकील मिळतो आणि अपिलालाही, ट्रान्सक्रिप्टचा, म्हणजे ट्रायलमधलं बोलणं शब्दशः टाइप करून घेण्याचा खर्चही त्यांच्याकडूनच होतो. तेव्हा दादाला सांग, पैशाचा मुद्दा काढूच नकोस.

पण मी तुला खोटी आशाही दाखवणार नाही. अशा बहुतेक अपिलांमधे खालचा निकालच कायम राहतो. हे बहिणीलाही माहीत असायला हवं, तिच्या पोटात गोळा येईल तरी सांग, कारण निकाल यायला काही महिने जातील आणि ते सगळे महिने "आता येईल हं माझं बाळ" असं म्हणत काढले आणि नंतर नकार आला तर ती कोसळेल.

आता अपील म्हणजे काय ते. आपल्याकडच्या लोकांच्या डोक्यात असतं की वर गेलं की परत सगळं सांगायचं, नवा जज, नवी साक्ष, बहीण उभी राहून आपली कहाणी सांगणार. तसं काही नसतं. वरचे दोन किंवा तीन जज कागद वाचतात. ट्रायलमधे जे बोललं गेलं, जे कागद पुराव्यात गेले, तेवढंच त्यांच्यासमोर असतं. बहिणीने ट्रायलनंतर नवं घर घेतलं, दोन महिने एकही काउन्सेलिंग चुकवलं नाही, हे त्यांना दिसतच नाही. आणि खालच्या जजनी तिला समोर बसून ऐकलंय, तिच्यावर विश्वास ठेवायचा का नाही ते त्यांनी ठरवलंय, त्या ठरवण्याला वरचे जज सहसा हात लावत नाहीत. ती मधे एकदा नवऱ्याकडे परत गेली ना, ते त्या निकालात असणार, आणि कसं लिहिलंय त्यावर बरंच अवलंबून आहे. मला माहितेय ती का गेली असेल, भाडं, व्हिसा, एकटेपणा, सासूचे फोन, मी अशा बायकांच्या शेजारी बसलेय. पण ते "का" ट्रायलमधे सांगितलं गेलं होतं का, हा प्रश्न आहे.

मग अपिलात जिंकतात ते कशावर? कायदा चुकीचा लावला, किंवा जे सिद्ध करायला हवं होतं त्यातलं एखादं सिद्धच झालं नाही, यावर. न्यू जर्सीत सरकारला चार गोष्टी सिद्ध कराव्या लागतात आणि चारही लागतात, तीनवर भागत नाही. या नात्यामुळे मुलाची सुरक्षितता किंवा वाढ धोक्यात आली किंवा पुढेही येत राहील, ही पहिली. आईला तो धोका दूर करायचा नाही किंवा करता येत नाही, ही दुसरी. तिसरी म्हणजे खात्याने आईला मदत मिळावी म्हणून योग्य ते प्रयत्न केले आणि हक्क काढण्याऐवजी दुसरा काही मार्ग आहे का ते कोर्टाने बघितलं. आणि शेवटची, नातं तोडून मुलाचं भल्यापेक्षा नुकसान जास्त होणार नाही.

दुसरीबद्दल थोडं थांबून सांगते, कारण २०२१ साली न्यू जर्सीत कायदा बदलला आणि हे अजून खूप जणांना माहीत नाही. आधी कायद्यातच एक वाक्य होतं की फॉस्टर आईवडिलांपासून मुलाला तोडलं तर त्याला जे दुखेल तेही या दुसऱ्या मुद्द्यात आईच्या विरोधात धरता येईल. म्हणजे बघ, मूल दोन वर्षं दुसऱ्या घरी ठेवायचं, तिथे त्याला लळा लागणारच, आणि मग म्हणायचं बघा आता त्याला तिथून काढलं तर त्रास होईल म्हणून आईच नालायक. ते वाक्य काढून टाकलं. पुढे २०२३ मधे न्यू जर्सीच्या सुप्रीम कोर्टाने खुलासा केला की तो लळा दुसऱ्या मुद्द्यात मोजायचा नाही, पण चौथ्यात, भलं जास्त का नुकसान जास्त हे ठरवताना, बघता येईल. तर वकीलबाईंना हे विचार की आपल्या निकालात जजनी फॉस्टर फॅमिलीचा लळा कुठल्या मुद्द्याखाली लिहिलाय. प्रश्न छोटा आहे पण विचार.

आणि तिसरा मुद्दा म्हणजे तू.

तुझे ते दोन मेल. मूल ताब्यात घेतल्यावर ३० दिवसांच्या आत नातेवाईक शोधायला लागायचं आणि जे तयार असतील त्यांचा विचार करायचा, हे इथल्या कायद्यातच आहे, आणि नातेवाइकाला नाही म्हणायचं असेल तर तसं लेखी कळवायचं असतं. आत्या-मावशीला मूल मिळालंच पाहिजे असा हक्क मात्र नाहीये, हे लक्षात ठेव. खातं म्हणू शकतं की नाशिक लांब आहे, मूल तुला ओळखत नाही, परदेशातल्या घराची पाहणी करून घ्यायला फार वेळ जाईल. म्हणू देत. पण विचारच न करणं आणि विचार करून नाही म्हणणं यात फरक आहे आणि अपिलात नेमका तोच फरक कामाला येतो.

आता अडचण कळली का तुला? ते दोन मेल पुराव्यात गेले होते का? गेले असतील तर उत्तम, वकीलबाई त्यावर लिहितील. गेले नसतील तर वरच्या कोर्टासाठी ते मेल अस्तित्वातच नाहीत, तुझ्या फोनमधे कितीही दिसत असले तरी. रेकॉर्डमधे नंतर भर घालायची परवानगी मागता येते पण ती सहजी मिळत नाही. तरी एक वाट आहे. बहिणीला ट्रायलला जो वकील होता त्याला तिने सांगितलं होतं का की माझी बहीण तयार आहे, मेल आहेत, आणि त्याने काहीच केलं नाही का? तसं असेल तर वकिलाने काम नीट केलं नाही हा मुद्दा याच अपिलात घ्यावा लागतो, २००७ साली इथल्या सुप्रीम कोर्टाने तसं ठरवून दिलंय. नुसतं "आमचा वकील बेकार होता" म्हणून चालत नाही. तो नेमका कुठे कमी पडला ते लिहावं लागतं, ते केलं असतं तर निकाल का बदलला असता ते लिहावं लागतं, आणि ज्या साक्षीदाराला बोलावलंच नाही त्याच्याकडून लेखी घ्यावं लागतं की मला बोलावलं असतं तर मी हे हे सांगितलं असतं.

तो साक्षीदार तू आहेस गं. तू विचारलंस ना इथून काय करता येईल, तर हे. बस आणि लिही. कधी कळलं की भाच्याला नेलंय, पहिला मेल कुठल्या तारखेला, कुठल्या पत्त्यावर, त्यात शब्दशः काय लिहिलं होतं, दुसरा कधी, फोन केला होता का, बहिणीच्या वकिलाशी तू कधी बोललीस का, घरात कोण कोण आहे, कमावतं कोण, मूल कुठे झोपेल, शाळा किती लांब, तू भाच्याला शेवटचं कधी बघितलंस, व्हिडिओ कॉल होत होते का आणि कधी थांबले. भावना नंतर, तारखा आधी. मेल फॉरवर्ड करू नकोस, मूळ मेल आहे तसा ठेव, प्रिंट काढ, स्क्रीनशॉटमधे तारीख दिसू दे. शेवटी काय वाक्य लिहून सही करायची ते वकीलबाई देतील, त्या वाक्यामुळे ते शपथेवर दिल्यासारखं होतं, न्यू जर्सीत त्यासाठी नोटरीकडे धावावं लागत नाही. आणि एक अक्षरही फुगवून लिहू नकोस. दोन मेल होते तर दोनच लिही.

अजून एक गोष्ट जी कुणी तपासत नाही आणि माझा जीव त्यात अडकतो, ती म्हणजे भाषा. बहिणीचं सायकॉलॉजिस्टकडे मूल्यमापन झालं असेल, ते कुठल्या भाषेत झालं? मराठी दुभाषी होता, का हिंदी, का "तिला इंग्रजी येतं" म्हणून कुणीच नाही? कुणाची केस ते सांगणार नाही, पण शब्द सांगते. एक आई म्हणाली "जीव नकोसा झालाय हो", जे आपण भाजी करपली तरी म्हणतो, आणि तिचं इंग्रजी झालं की हिला जगायचं नाहीये. कागदावर ती बाई आत्महत्येचा विचार करणारी झाली. दुसरी म्हणाली "एक धपाटा दिला", तर लिहिलं गेलं की मुलाला मारहाण केली. धपाटाही देऊ नये हे मला मान्य आहे, पण धपाटा म्हणजे पाठीवर उघड्या हाताने एक, आणि जो शब्द लिहिला गेला तो पट्ट्याने मारण्यालाही लागतो. मी त्या वेळी त्या खोलीत नव्हते, नंतर रिपोर्ट वाचून दाखवताना ते माझ्या हाती आलं, आणि ती आई माझ्याकडे बघत म्हणाली "मी असं म्हणाले?" ते मी विसरलेले नाही. तर ट्रान्सक्रिप्ट आलं की बहिणीने ते मराठी समजणाऱ्या कुणाबरोबर तरी बसून ओळ न ओळ वाचावं, वकिलांच्या परवानगीने. चूक सापडली तर ती तेव्हा कुणी निदर्शनाला आणली होती का ते बघा. तेव्हाच ऑब्जेक्शन घेतलेलं असेल तर मुद्दा वजनदार. घेतलं नसेल तर ती चूक निकाल फिरवण्याइतकी मोठी होती हे दाखवावं लागेल, ते अवघड असतं, पण सांगून तरी ठेवा.

काय करू नका तेही सांगते आणि थोडं कडक सांगते. भाच्याचा फोटो, निकालाचे कागद, केसवर्करचं नाव हे कुठल्याही व्हॉट्सॲप ग्रुपवर, फेसबुकवर टाकू नका. मला कळतंय की तुमच्या ओळखीतला कुणीतरी म्हणालाच असेल मीडियात द्या, मंत्र्यांना ट्वीट करा. या केसेस गोपनीय असतात, निकाल छापला तरी त्यात नावांची फक्त आद्याक्षरं असतात, ती गोपनीयता त्या चार वर्षांच्या मुलासाठी आहे आणि ती आपण मोडली तर ते बहिणीच्याच विरोधात दाखवलं जाईल. आणि मुलाला कसंही करून भारतात आणू असा विचार कुणाच्या डोक्यात डोकावला तर तिथेच थांबा, तो गुन्हा आहे, त्याने ती मुलगा पण गमावेल आणि स्वतःही अडकेल. फॉस्टर फॅमिलीला परस्पर फोन-मेसेजही नको. भारतीय वकिलातीला कळवायला हरकत नाही, पण खूप अपेक्षा ठेवू नका, मूल जन्माने अमेरिकन नागरिक असेल तर त्यांना फारसं काही करता येत नाही.

भेटींचं विचारलं नाहीस पण बहीण विचारत असेल. हक्क काढल्याचा निकाल आला की भेटी सहसा थांबतात. अपील चालू असेपर्यंत निकालाला स्टे मागता येतो, मिळेलच असं नाही. वकीलबाईंना आजच विचारा की मागायचा का. आणि दत्तकाचं काय, अपील चालू आहे हे तिकडे नोंदवलंय ना, हेही त्याच फोनमधे विचारून घ्या.

समजा जिंकलात. तरी त्याच दिवशी मूल घरी येत नाही. बहुतेक वेळा वरचं कोर्ट केस परत खाली पाठवतं की हा मुद्दा नीट बघा, आणि तेव्हा मात्र आजची परिस्थिती बघितली जाते. म्हणून मी म्हणते की बहिणीने या महिन्यांत आपलं घर, नोकरी, काउन्सेलिंग एक दिवसही ढिलं पडू देऊ नये, नवऱ्याचा फोन उचलू नये, प्रत्येक सर्टिफिकेट, भाड्याची पावती, पगाराची स्लिप एका फाईलमधे लावत जावी. हे अपिलाच्या जजना दिसणार नाही पण केस खाली आली तर पहिलं हेच मागतील. केस खाली आली तर किनशिप लीगल गार्डियनशिपचाही विचार करायला लावा, म्हणजे मूल कुटुंबातल्या किंवा कुटुंबाच्या जवळच्या माणसाकडे राहतं, पण आईचं नातं कायद्याने तुटत नाही, भेटता येतं. आधी असं होतं की दत्तक घ्यायला कुणी तयार असेल तर हा पर्याय मिळायचाच नाही, २०२१ च्या बदलात ती अटही गेली. तुमचं कुणी अमेरिकेत आहे का, चुलतभाऊ, मावसबहीण, कुणीही? तुझ्या पत्रात कुणाचाच उल्लेख नाही. असेल तर नाव वकीलबाईंना आत्ताच द्या.

आणि त्या लेकराचा विचार करून एक सांगते, तुला आवडणार नाही कदाचित. त्याच्या आयुष्यातले निम्मे दिवस त्या घरात गेलेत. तो त्या बाईला मम्मी म्हणत असेल, रात्री दचकून उठला की तिच्याकडे जात असेल. अपील करा, जरूर करा, आईला तो हक्क आहे आणि तुमच्या केसमधे निदान दोन मुद्दे मला खरेच दिसतात. पण घरात त्या लोकांना "आमचं मूल पळवणारे" म्हणू नका. त्याला कळत नाही म्हणाला ना तो, ते मराठी त्याच्याशी कुणी बोललंच नाही म्हणून, त्यात त्याचा राग नाहीये आणि कुणाचा डावही नाही. बहिणीला हे सांग, तिने ते वाक्य मनाला फार लावून घेतलं असणार.

राहिली आई. खरं सांग तिला. "येईल, येईल" म्हणू नकोस, ती रोज विचारते कारण तिला कळतंय की तुम्ही काहीतरी लपवताय. सांग की कोर्टाने नाही म्हटलंय, आपण वर विचारलंय, उत्तर यायला वेळ लागेल आणि ते नाही असंही असू शकतं. रडू दे तिला. मग तिला काम दे, तिच्याकडूनच वदवून घे की नातू पाच महिन्यांचा असताना ती न्यू जर्सीला गेली होती का, किती दिवस राहिली, तो तिच्याकडे झोपायचा का, फोटो कुठल्या तारखेचे आहेत. तुझ्या लेखी जबाबात तेही लागेल.

मसुदा आधी वकीलबाईंना दाखव, त्यांनी हो म्हटलं की मला मराठीतच पाठव, इंग्रजी मी करून देते. या बुधवारपर्यंत जमव.

— काकू